गोव्याचे गोली आणि त्यांचे उशिरा आलेले गुरू

आज गोव्यातल्या मोठ्या फुटबॉल क्लबच्या सरावाला गेलात तर मैदानाच्या एका टोकाला तीन-चार जण बाकी संघापासून वेगळे दिसतात. अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी, हातात ग्लोव्हज. त्यांच्यासमोर चेंडूंचा ढीग लावून उभा असलेला माणूस म्हणजे गोलकीपर कोच. तो स्वतः बहुतेक वेळा जुना गोली, म्हणजे गोलकीपरच असतो. खेळणं थांबलं की प्रशिक्षकाच्या लायसन्सचे कोर्स करायचे, एखाद्या क्लबच्या ज्युनियर संघापासून सुरुवात करायची आणि जमलं तर सीनियर संघापर्यंत पोचायचं, अशी ही वाट आता रुळली आहे. चाळीस वर्षांपूर्वी मात्र गोव्यात हे काम जवळपास नव्हतंच. खेळ इतका जुना असूनही ते एवढ्या उशिरा का आलं, हे मागे जाऊन पाहायला हवं.

गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ साली शिवोलीत, फादर विल्यम लायन्स यांच्यामुळे, असं सांगितलं जातं. चर्चच्या शाळांतून तो गावोगाव गेला. गोवा फुटबॉल असोसिएशन १९५९ ची, म्हणजे मुक्तीच्या दोन वर्षं आधीची. पण बहुतेक पोरांचं खरं मैदान म्हणजे भातकापणी झालेलं शेत. सुकलेली, टणक जमीन, त्यात कापलेल्या भाताचे खुंट. अशा जागी डाइव्ह मारायची म्हणजे कोपर आणि कंबरेचं हाड सोलून घ्यायचं. पावसाळ्यात चिखल, आणि चामड्याचा जुना चेंडू पाणी प्यायला की जड होऊन हातातून निसटायचा. ग्लोव्हज फार कमी जणांकडे. संघाला कोच असलाच तर एकच, आणि त्याचं लक्ष दहा जणांवर. अकरावा खेळाडू सरावात काय करायचा? शूटिंगच्या वेळी गोलमध्ये उभा राहायचा. म्हणजे फॉरवर्डचा सराव व्हावा म्हणून गोली तिथे असायचा, त्याचा स्वतःचा सराव हा विषयच नसायचा. मोठ्या गोलीच्या पोस्टमागे बसून तो कुठे उभा राहतो, कधी बाहेर येतो हे बघत राहणं, हेच शिक्षण.

त्या काळातून ब्रह्मानंद शंखवाळकर उभे राहिले, हे मला आजही नवल वाटतं. ताळगावचा हा गोली साळगावकर क्लबकडून खेळला आणि १९८३ ते १९८६ या काळात भारताचा कर्णधार झाला. संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय स्पर्धा, गोव्याने १९८३ मध्ये बंगालसोबत संयुक्तपणे जिंकली होती. १९८४ मध्ये मद्रासला शंखवाळकरांच्या नेतृत्वाखाली ती एकट्याने जिंकली, पंजाबला फायनलमध्ये हरवून, आणि संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न खाता. १९९७ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे गोवा फुटबॉल डेव्हलपमेंट कौन्सिलचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. गोव्यातल्या दोन पिढ्यांच्या गोलींनी त्यांचं पोझिशनिंग बघून आपलं पोझिशनिंग सुधारलं. पण एवढ्या उंचीचा खेळाडूसुद्धा त्या काळात एखाद-दुसराच निघाला, याचाही विचार व्हायला हवा. व्यवस्था नसली की उपजत गुण असलेलाच तेवढा तरतो. मध्यम गुणांचा, पण घडवता आला असता असा मुलगा शेतातच राहतो.

देशातला एक थोर गोली प्रशिक्षक म्हणून गोव्यात आला होता, ही गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात आहे. पीटर थंगराज. लष्करात असताना त्यांनी सेंटर फॉरवर्ड म्हणून सुरुवात केली आणि मग ते गोलमध्ये गेले. १९५६ चं मेलबर्न आणि १९६० चं रोम अशी दोन ऑलिंपिक ते खेळले, १९६२ च्या जाकार्ता एशियाडचं सुवर्णपदक मिळवलं, १९६७ मध्ये अर्जुन पुरस्कार. खेळ थांबवल्यावर ते प्रशिक्षणाकडे वळले आणि त्यांची शेवटची जबाबदारी होती ती वास्को क्लबच्या संचालकपदाची. म्हणजे गोलपोस्टमधून प्रशिक्षणाकडे जाण्याचा रस्ता तेव्हाही होता. फक्त तो थंगराज यांच्यासारख्या नावाच्या माणसाला मिळायचा, आणि मिळायचा तोही अख्ख्या क्लबचा कारभार म्हणून. गोलींपुरता वेगळा कोच नेमायचा विचार तोवर आलेला नव्हता.

यामागे पैशाचंही गणित होतं. साळगावकर, धेंपो, सेसा हे क्लब खाण-उद्योगातल्या घराण्यांचे आणि कंपन्यांचे. चांगल्या खेळाडूला कंपनीत, बँकेत, पोलिसात किंवा बंदरात नोकरी मिळायची. खेळ संपला की तो ऑफिसात जायचा, आणि घरच्यांच्या दृष्टीने ते बरंच होतं. निवृत्त गोलीने पुन्हा मैदानावर येऊन पोरांना चेंडू मारत बसावं, यासाठी त्याला पैसे कोण देणार होतं?

मग १९९२ आलं आणि गोलीचं कामच बदललं. आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू गोलीने हातात घ्यायचा नाही, हा नियम त्या वर्षी लागू झाला. तोवर आघाडी घेतलेला संघ निवांतपणे चेंडू गोलीकडे द्यायचा, गोली तो उचलायचा, टप्पे मारायचा, वेळ जायचा. आता तोच चेंडू पायाने खेळायचा, तोही अंगावर धावून येणाऱ्या फॉरवर्डसमोर. १९९७ मध्ये थ्रो-इनवरून आलेल्या चेंडूलाही हा नियम लावला. युरोपात याची तयारी आधीपासून सुरू होती. नेदरलँड्समधले माजी गोली फ्रान्स हुक १९८५ पासून तिथल्या आयाक्स क्लबमध्ये गोलींना पायाने खेळायला शिकवत होते. आपल्याकडे मात्र सगळी हयात हातांवर काढलेल्या गोलींना अचानक पाय लागले. गोव्यातल्या गोलकीपर कोचची पहिली पिढी नेमकी या उंबरठ्यावरची आहे. त्यांच्या उमेदीत त्यांना जे कुणी शिकवलं नाही, ते शिकवायची जबाबदारी त्यांच्यावर आली. मला या माणसांबद्दल आदर वाटतो तो यासाठी.

हे काम जवळून बघितलं तर कळतं की चांगला गोली आपोआप चांगला कोच होत नाही. सुरुवात पायांच्या हालचालीने. जमिनीवर मांडलेल्या मार्करमधून छोटी पावलं, मग शॉट निघण्याच्या क्षणी दोन्ही पाय जमिनीवर स्थिर. छातीच्या वर आलेला चेंडू अंगठे जवळ आणून, तळहात चेंडूच्या मागे ठेवून घ्यायचा. जमिनीलगतच्या चेंडूवर पडताना आधी गुडघ्याचा बाजूचा भाग, मग कंबर, मग खांदा टेकवायचा, कोपर कधीच नाही. हे सगळं शिकवायला कोचला ठरल्या जागी, ठरल्या वेगाने चेंडू मारता यायला हवा. मुलाच्या उजव्या हातापासून अर्धा मीटर लांब हवा असेल तर तिथेच. आयुष्यभर शॉट अडवलेल्या माणसाला आता दिवसभर शॉट मारायचे असतात, तेही चाळिशीतल्या कंबरेने आणि कधीकाळी मोडून वाकड्या जुळलेल्या बोटांनी. शिवाय मॅचआधीचं वॉर्म-अप, समोरच्या संघाचे कॉर्नर आणि पेनल्टी मारणारे कोण, कुठे मारतात याचे व्हिडिओ, आणि ज्याला संधी मिळत नाही त्या दुसऱ्या-तिसऱ्या गोलीचं मन राखणं. गोलीची जागा एकच, त्यामुळे हे शेवटचं काम सगळ्यात अवघड.

व्यावसायिक जमाना आला तशी या कामाला किंमत आली. राष्ट्रीय लीग १९९६ मध्ये सुरू झाली. २००६-०७ ते २०१२-१३ असे सलग सात मोसम देशाचं विजेतेपद गोव्यातच राहिलं, धेंपो, चर्चिल ब्रदर्स आणि साळगावकर यांच्यात. परदेशी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असल्याने क्लब त्या जागा शक्यतो स्ट्रायकर आणि डिफेंडरसाठी ठेवायचे, गोली भारतीय घ्यायचे. साहजिकच तो घडवणारा माणूस लागू लागला. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग (आयएसएल) आली, आणि २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा यांनी राष्ट्रीय फुटबॉल फेडरेशनच्या धोरणाविरोधात आय-लीगमधून (राष्ट्रीय लीगचं पुढचं रूप) अंग काढून घेतलं. गोव्याच्या गोलींच्या वरच्या पातळीवरच्या जागा एका फटक्यात घटल्या. धेंपो आय-लीगमध्ये परतायला २०२४-२५ चा मोसम उजाडला. या उलथापालथीत किती गोली खेळातून कायमचे गेले असतील, याचा विचार केला तरी वाईट वाटतं.

गोव्याचा गोली लक्ष्मीकांत कट्टीमनी टिकला. डिसेंबर २०१५, गोव्यातलं फातोर्डा स्टेडियम, आयएसएलची फायनल. एफसी गोवा २-१ ने पुढे, नव्वदावं मिनिट, आणि कट्टीमनीच्या नावावर स्वयंगोल. दोन मिनिटांत चेन्नईयिनने तिसरा गोल करून करंडक नेला. गोव्याच्या मुलाच्या हातून, गोव्याच्या मैदानावर, गोव्याची फायनल गेली. यातून गोली उठतो कसा? २० मार्च २०२२ ला त्याच फातोर्ड्यात तो हैदराबादकडून फायनल खेळला. गोव्याच्याच साहिल ताव्होराने बरोबरी साधली, सामना १-१ राहिला आणि शूटआउटमध्ये कट्टीमनीने केरळा ब्लास्टर्सच्या तीन पेनल्टी अडवल्या. मधल्या सव्वासहा वर्षांतला सराव टीव्हीवर दिसत नाही. तो त्या मैदानाच्या टोकाला, चेंडूंच्या ढिगापाशी होतो. एप्रिल २०२१ मध्ये एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये गोली धीरज सिंगने एफसी गोव्याकडून अल रय्यान आणि अल वाहदा या संघांना पहिल्या लढतीत गोल करू दिला नाही, तेही फातोर्ड्यातच.

आता आशियाई फेडरेशनचे गोलकीपिंगचे स्वतंत्र कोर्स आहेत, आणि निवृत्त गोली ते करतात. उणीव आहे ती खाली. सीनियर संघाला पूर्णवेळ गोलकीपर कोच असतो, पण बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या वाट्याला तो आठवड्यातून एखादा दिवस येतो, कधी तोही नाही. पडायचं कसं हे त्याच वयात अंगवळणी पडतं. चुकीची सवय अठराव्या वर्षी मोडायला दुप्पट कष्ट लागतात, आणि तोवर खांदा दुखावलेला असतो. गावोगावच्या क्लबांनी दोन-तीन मिळून एक कोच ठेवला तरी हे साधेल. माणसं आहेत, लायसन्स आहेत, मानधनाची सोय तेवढी हवी.

शिकवण्याचा विषयही दरम्यान वाढतोच आहे. २०१९ पासून पेनल्टीच्या वेळी गोलीचा किमान एक पाय रेषेवर असावा लागतो, त्यामुळे उडी घ्यायची वेळ नव्याने बसवावी लागली. २०२५-२६ च्या मोसमापासून गोलीने चेंडू आठ सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवला तर समोरच्या संघाला थेट कॉर्नर मिळतो, आणि रेफरी शेवटची पाच सेकंदं हात वर करून मोजतो. म्हणजे चेंडू पकडल्या पकडल्या कुणाला द्यायचा, हातून की पायाने, हे आधीच ठरलेलं असायला हवं, आणि त्याचा सरावही त्या चेंडूंच्या ढिगापाशी उभ्या असलेल्या माणसालाच घ्यायचा आहे.