मुंबई इलाख्याचा गव्हर्नर आणि बेळगाव प्रदेश

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याचा सर्वोच्च अधिकारी. बेळगाव, खानापूर, चिकोडी, बैलहोंगल या पट्ट्याचा कारभार पेशवाई बुडाल्यानंतर १९४७ पर्यंत त्याच्या नावाने चालला. बेळगावचा किल्ला एप्रिल १८१८ मध्ये घेतला तो मद्रासच्या टॉमस मन्रोने; मुलूख मात्र पुढे मुंबई सरकारच्या वाट्याला आला. आधी तो धारवाड कलेक्टरीत मोडे. बेळगाव स्वतंत्र जिल्हा झाला तो १८३६ मध्ये.

गव्हर्नरची नेमणूक कंपनीच्या काळात लंडनचे संचालक मंडळ करी, १८५८ नंतर ती इंग्लंडच्या राजसत्तेच्या नावाने होऊ लागली. मुदत रिवाजाने पाच वर्षांची. हुकूम एकट्याचा नसे, ‘गव्हर्नर-इन-कौन्सिल’चा असे. कौन्सिलात बहुमताने निकाल लागे आणि मतभेद झाला की जो तो आपले म्हणणे लेखी देई. त्या कागदाला ‘मिनिट’ म्हणत. १७९३ च्या सनदी कायद्याने सभासदांचे मत बाजूला सारून स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेण्याची मुभा गव्हर्नरला मिळाली. महसूल, पोलीस, न्याय, बांधकामे, बढत्या-बदल्या हे त्याचे रोजचे काम. युद्ध आणि तह यांत मात्र १७७३ पासून कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलची संमती लागे. कायदे करण्याचा अधिकार तर येत-जात राहिला: माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२७ ची रेग्युलेशने काढली, १८३३ मध्ये हा अधिकार काढून घेतला गेला, १८६१ मध्ये तो परत मिळाला.

गव्हर्नर उन्हाळ्यात महाबळेश्वरी, पावसाळ्यात पुण्यात. बेळगावकडच्या कुळाला तो दिसायचा कशाला? त्याच्यापुढे होते पाटील-कुलकर्णी, मामलेदार, फार तर कलेक्टर. कलेक्टरच्या वर दक्षिण भागाचा कमिशनर, त्याचे ठाणे बेळगावातच. पण मोजणी होऊन ठरलेले साऱ्याचे दर मुंबई सरकारच्या मंजुरीने तीस तीस वर्षे कायम होत. न पाहिलेल्या साहेबाची सही अशी एका पिढीच्या शेतीवर चाले.

या भागाला सर्वांत जास्त झोंबला तो दत्तक मंजूर-नामंजूर करण्याचा अधिकार. नियमांच्या पुस्तकात त्याला फारशी जागा नाही, तरी दक्षिण मराठा मुलखाचा त्या काळचा इतिहास बराचसा त्यानेच घडवला. सप्टेंबर १८२४ मध्ये कित्तूरचे शिवलिंगरुद्र देसाई वारले. दत्तक खरा की मागाहून रचलेला, अशी शंका घेऊन धारवाडचा कलेक्टर थॅकरे याने कित्तूरच्या खजिन्यावर मोहोर लावली आणि पहारा बसवला. राणी चन्नम्मांनी ते मानले नाही. २३ ऑक्टोबरला लढाई होऊन थॅकरे पडला. डिसेंबरात मोठ्या फौजेपुढे किल्ला गेला. राणींना बैलहोंगलला कैदेत ठेवले, तिथेच १८२९ मध्ये त्यांचा अंत झाला. गव्हर्नर तेव्हा एल्फिन्स्टन होता आणि अधिकारही त्याचा होता, पण मोहोर लावणारा हात कलेक्टरचा. वरचा अधिकार खालच्या माणसाच्या स्वभावाप्रमाणे वापरला जातो, याचा इतका ठळक दाखला या जिल्ह्यात दुसरा नाही.

निपाणीची जहागीर १८३९ मध्ये सिद्धोजीराव निंबाळकरांच्या मृत्यूनंतर खालसा झाली. गव्हर्नर दयाळू असला तरी निभेलच असे नसे. १८४८ मध्ये सातारच्या गादीचा दत्तक मान्य करावा, असे मिनिट गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्कने लिहिले होते. त्याच्यामागून आलेल्या गव्हर्नरचे मत उलट पडले, आणि गव्हर्नर-जनरल डलहौसी व लंडनकरांनी राज्य खालसा केले. १८५२ च्या इनाम कायद्याने जुन्या सनदा तपासायला निघाल्या तेव्हा वाड्यावाड्यांत दप्तरे उघडली गेली आणि धास्ती पसरली. नरगुंदच्या भास्करराव भावे ऊर्फ बाबासाहेबांना दत्तक नाकारलेला होता, त्यात तोफा सरकारजमा करण्याचा हुकूम आला. मे १८५८ मध्ये रामदुर्गजवळ सुरेबान येथे पोलिटिकल एजंट (संस्थानांवर देखरेख ठेवणारा सरकारी अधिकारी) मॅन्सन मारला गेला. बाबासाहेबांना जूनमध्ये बेळगावात फाशी दिली. पुढे गव्हर्नर-जनरल कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. कित्तूर, निपाणी, नरगुंदला त्याचा काय उपयोग?

विसाव्या शतकात अधिकाराची वाटणी झाली. १९१९ च्या कायद्याने शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य ही खाती मंत्र्यांकडे गेली; मुंबईत जंगलखातेही गेले, म्हणजे खानापूरच्या रानांचा कारभार त्यात आला. शेतसारा आणि पोलीस गव्हर्नरने आपल्या हाती राखले. १९३५ च्या कायद्याने प्रांतिक स्वायत्तता दिली खरी, पण शांतता, अल्पसंख्याक, सरकारी नोकर आणि संस्थानांचे हक्क ही गव्हर्नरची ‘खास जबाबदारी’ ठरली. खेर मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा दिल्यावर त्याच कायद्याच्या ९३ व्या कलमाखाली सगळा कारभार गव्हर्नरकडे आला, तो १९४६ पर्यंत.

या अधिकाराला बेळगाव शहरातच एक कुंपण होते. शहराला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानाचे. तिथला रोजचा अंमल सांगलीकरांचा, गव्हर्नरचा संबंध पोलिटिकल एजंटामार्फत येई तेवढाच. दख्खनची संस्थाने ८ मार्च १९४८ रोजी विलीन होऊन शहापूर मुंबई प्रांतात आले, तेव्हा गव्हर्नरपदावर राजा महाराजसिंह होते.