सार्वजनिक पोस्ट सर्च इंजिनात कशी पोहोचली

१० जुलै २०२५पासून इन्स्टाग्रामने प्रौढांच्या प्रोफेशनल खात्यांवरचे सार्वजनिक फोटो आणि व्हिडिओ गूगलसारख्या सर्च इंजिनांच्या निकालात दिसायला परवानगी दिली. सेटिंगमध्ये जाऊन नकार देता येतो, पण नकार दिला नाही तर होकार धरला जातो. यावर सहज मनात येतं, की खातं आधीपासून पब्लिकच होतं, मग नवीन काय घडलं? बरंच घडलं. पब्लिक खात्यापर्यंत कुणीही येऊ शकतं, पण त्याला यावं लागतं. सर्चमध्ये गेलेलं खातं मात्र नाव टाइप करणाऱ्या कुणाहीपुढे आपणहून हजर होतं. टाइप करणारा नोकरी देणारा असेल, घरमालक असेल किंवा पाळतीवर असलेला माणूस. या दोन गोष्टींमधलं अंतर गेल्या तीस वर्षांत टप्प्याटप्प्याने पुसलं गेलं, आणि बहुतेक वेळा लिहिणाऱ्याला विचारण्याआधीच पुसलं गेलं.

हे अंतर कायद्याने एकदा फार नेमकं ओळखलं होतं, तेही वेब लोकांपर्यंत पोहोचण्याआधी. १९८९मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. एका व्यक्तीच्या अटका आणि शिक्षा यांची एफबीआयकडे असलेली एकत्रित नोंद पत्रकारांना हवी होती. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: यातल्या घटना कुठल्या ना कुठल्या कोर्टाच्या किंवा पोलीस ठाण्याच्या दप्तरात सार्वजनिक आहेतच, मग लपवायचं काय? न्यायालयाने ते मानलं नाही. गावोगावच्या दप्तरांत विखुरलेली, खटपट करून शोधावी लागणारी माहिती आणि तीच एका संगणकात गोळा करून ठेवलेली माहिती यांत मोठा फरक आहे, असं निकालात म्हटलं. माहिती सार्वजनिक असली तरी सापडायला अवघड असणं हेच एक संरक्षण असतं, आणि निकालपत्रात त्याला ‘प्रॅक्टिकल ऑब्स्क्युरिटी’ म्हटलं होतं. पुढच्या तीस वर्षांचा सगळा वाद मला या एका निकालात दिसतो.

इंटरनेटवर हे संरक्षण पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर गेलं ते यूजनेटवर. यूजनेटची कल्पना १९७९मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची. विषयवार गट, त्यांत कुणीही लिहायचं, आणि संदेश एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जात राहायचे. डिस्कवर जागा कमी, म्हणून काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जुने संदेश पुसले जात. लोक तिथे खऱ्या नावाने, विद्यापीठाच्या किंवा ऑफिसच्या पत्त्यावरून लिहायचे, आणि आजारपणापासून राजकारणापर्यंत सगळं लिहायचे. लिहिलेलं विरून जाणार हे गृहीतच होतं.

१९९५मध्ये डेजान्यूज नावाच्या सेवेने हे संदेश साठवायला आणि शोधायला सुरुवात केली. एका ई-मेल पत्त्यावरून वेगवेगळ्या गटांत लिहिलेलं सगळं तिथे एकत्र काढता येऊ लागलं. नैराश्याच्या गटात मदत मागणारा आणि प्रोग्रॅमिंगच्या गटात सल्ला देणारा माणूस एकच आहे, हे आता कुणालाही बसल्या जागी कळू शकत होतं. नको असेल त्याने संदेशाच्या शीर्षभागात ‘एक्स-नो-आर्काइव्ह: येस’ अशी ओळ घालायची, हा त्यावरचा उपाय. पण ती ओळ माहीत असायला हवी, प्रत्येक संदेशात घालायला हवी, आणि कुणी उत्तर देताना तुमचं वाक्य उद्धृत केलं, तर त्याच्या संदेशाबरोबर तेही साठवलं जायचं. तुमची ओळ त्याच्या संदेशाला लागू नव्हती.

फेब्रुवारी २००१मध्ये गूगलने हा साठा विकत घेतला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मागे थेट १९८१पर्यंत जाणारे संदेश खुले केले. त्यातला जुना भाग हेन्री स्पेन्सर यांनी टोरांटो विद्यापीठात जपून ठेवलेल्या टेपमुळे मिळाला. हा साठा मौल्यवान आहे, यात मला शंका नाही. लिनक्स या संगणकप्रणालीची १९९१ची पहिली घोषणा आपण आज त्याच्यामुळेच मूळ स्वरूपात वाचू शकतो. पण १९८३मध्ये विद्यार्थी असताना चार वाक्यं खरडणाऱ्याला सर्च इंजिन हा प्रकारच ठाऊक नव्हता. त्याची संमती कुठून आणणार?

याच काळात वेबवर ‘रोबोट्स.टीएक्सटी’ आली. मार्टिन कोस्टर यांनी १९९४मध्ये ती सुचवली. आज ती गोपनीयतेचं साधन समजली जाते, पण तिचा उगम वेगळा आहे. क्रॉलर, म्हणजे वेबवरची पानं आपोआप वाचत फिरणारे प्रोग्रॅम, एकामागोमाग एक पानं मागून सर्व्हरला जेरीस आणत होते, आणि ते थांबवायचं होतं. साइटच्या मुळाशी ठेवलेली ही साधी मजकूर-फाइल आहे. कुठल्या क्रॉलरने कुठे जाऊ नये एवढं त्यात लिहायचं, आणि पाळायचं की नाही ते क्रॉलरने ठरवायचं. २०२२मध्ये आरएफसी ९३०९ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजातून तिला औपचारिक मानकाचं रूप मिळालं, तेव्हाही या सूचना म्हणजे प्रवेशावरचं नियंत्रण नव्हे, असं त्यात स्पष्ट लिहिलं गेलं.

सोशल मीडियाच्या दृष्टीने यात दोन अडचणी आहेत. फाइल साइटच्या मालकाची असते, लिहिणाऱ्याची नव्हे. कोट्यवधी लोकांनी लिहिलेल्या मजकुराचा निर्णय एक कंपनी एका फाइलमध्ये घेते. दुसरी अडचण तांत्रिक आहे. या फाइलने क्रॉलरला पान वाचायला मनाई होते, पण पानाचा पत्ता निकालात येणं थांबतंच असं नाही. बाहेरून कुणी त्या पानाची लिंक दिली असेल, तर पान न वाचताही सर्च इंजिन नुसता पत्ता दाखवू शकतं, आणि प्रोफाइलच्या पत्त्यात बरेचदा माणसाचं नावच असतं. निकालातून खरंच बाहेर राहायचं तर पानावर ‘नोइंडेक्स’ ही खूण लागते, आणि ती वाचण्यासाठी क्रॉलरला आत येऊ द्यावं लागतं. म्हणजे दोन्ही उपाय एकदम केले, तर पहिला दुसऱ्याला निकामी करतो. हे सामान्य माणसाने का माहीत ठेवावं?

फेसबुक सुरुवातीला कॉलेजांपुरतं बंदिस्त होतं. सप्टेंबर २००७मध्ये कंपनीने ‘पब्लिक सर्च लिस्टिंग’ जाहीर केलं. नाव आणि फोटो असलेली छोटी नोंद आता लॉगिन न करताही दिसणार आणि पुढे सर्च इंजिनांत जाणार होती. नको असेल त्याने सेटिंग बदलायचं. डिसेंबर २००९मध्ये नियम पुन्हा बदलले आणि मित्रांची यादी, लाइक केलेली पानं अशा गोष्टी सार्वजनिक धरल्या गेल्या. आधी ज्यांनी त्या झाकल्या होत्या त्यांच्याही. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेच्या ग्राहक-संरक्षण संस्थेने २०११मध्ये केलेल्या तक्रारीत हाही मुद्दा होता. दरम्यान जुलै २०१०मध्ये एका सुरक्षा-संशोधकाने फेसबुकच्या सार्वजनिक डिरेक्टरीतून सुमारे १० कोटी प्रोफाइलची नावं आणि वेबपत्ते गोळा करून टॉरेंटवर टाकले. काहीही फोडलं नव्हतं, उघड असलेलंच उचललं होतं, आणि कंपनीचंही म्हणणं हेच होतं की माहिती आधीच सार्वजनिक होती. १९८९च्या त्या पत्रकारांचा युक्तिवाद हाच होता. ऑक्टोबर २०१३मध्ये फेसबुकच्या आतल्या शोधात नाव न दिसण्याचा जुना पर्यायही काढून टाकला गेला. बाहेरच्या सर्च इंजिनांसाठीचा तेवढा राहिला.

ट्विटरचा प्रवास सरळ व्यापारी होता. २००९मध्ये गूगल आणि मायक्रोसॉफ्टशी करार, २०११मध्ये गूगलचा संपला, २०१५मध्ये पुन्हा झाला. त्या क्षणापुरत्या लिहिलेल्या २००६पासूनच्या सगळ्या सार्वजनिक ट्वीट नोव्हेंबर २०१४मध्ये ट्विटरच्या स्वतःच्या शोधात आल्या.

उलट दिशेने पहिलं मोठं पाऊल युरोपात पडलं. स्पेनमधल्या एका माणसाच्या थकबाकीपोटी झालेल्या लिलावाची जाहिरात १९९८मध्ये वृत्तपत्रात छापून आली होती. प्रकरण मिटून वर्षं गेली तरी नाव शोधलं की तीच वर येई. त्याचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने १३ मे २०१४ रोजी निकाल दिला. मजकूर वृत्तपत्राच्या साइटवर राहू शकतो, पण नावाने शोधल्यावर सर्च इंजिनाने तो दुवा काढला पाहिजे. अस्तित्व वेगळं आणि सापडणं वेगळं, हे इथे पुन्हा मान्य झालं. २०१९मध्ये त्याच न्यायालयाने हेही सांगितलं, की युरोपीय कायद्यानुसार ही वगळणी जगभर करणं गूगलवर बंधनकारक नाही.

बाकी ठिकाणी वारं वेगळं आहे. लिंक्डइनवरच्या सार्वजनिक प्रोफाइल यंत्राने गोळा करणं संगणक-घुसखोरीच्या कायद्यात बसण्याची शक्यता कमी, असं अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने २०१९मध्ये आणि पुन्हा २०२२मध्ये म्हटलं. भारताचा २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा तर व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या माहितीला लागूच होत नाही. कायद्यातल्या उदाहरणात सोशल मीडियावर आपली मतं मांडताना स्वतःची माहिती उघड करणारी व्यक्तीच घेतली आहे.

या इतिहासात मला खरा वेगळा प्रयत्न दिसतो तो मॅस्टोडॉनचा. २०१६मध्ये सुरू झालेल्या या सोशल नेटवर्कवर हॅशटॅग शोधता येत, पण अनोळखी लोकांच्या पोस्टमधला मजकूर चाळता येत नसे, आणि हे जाणूनबुजून केलेलं होतं. सप्टेंबर २०२३च्या ४.२ आवृत्तीत मजकुराचा शोध आला तो फक्त ज्यांनी स्वतः परवानगी दिली त्यांच्या पोस्टपुरता. यात तोटा आहे. उपयुक्त माहिती सापडत नाही, आणि सत्तेत बसलेल्यांचं जुनं बोलणं शोधायलाही अडचण होते. तरीही एका नियमाखाली लिहिलेलं दुसऱ्या नियमाखाली न्यायचं असेल, तर आधी विचारायला हवं. यावर मी ठाम आहे.

विचारणंही नीट हवं, हे २०२५च्या जुलैअखेर दिसलं. चॅटजीपीटीवरचा संवाद दुसऱ्याला पाठवताना तो शोधात सापडू द्यायचा का, अशी एक चौकट टिक करायला होती. लोकांनी टिक केली, आणि आजारपण, नोकरी, नात्यांतले पेच असलेले संवाद गूगलच्या निकालात आले. ओपनएआयने पर्याय काढून घेतला आणि सर्च इंजिनांतून ती पानं हटवायला घेतली. मधल्या दिवसांत इतरांनी ज्या प्रती उतरवून घेतल्या, त्या हटवणं कंपनीच्या हातात नव्हतं.