'भादरलेलं' जहाज म्हणजे भंगार?

जुनं, कुजलेलं लढाऊ जहाज मोडीत काढायच्या ऐवजी वरचा डेक छाटून कसंबसं वापरायचे, असा समज वर्षानुवर्षं फिरतोय. असल्या छाटलेल्या जहाजाला म्हणत 'रझी'. फ्रेंच शब्दावरून, अर्थ चक्क 'भादरलेलं'!

ब्रिटिशांचं 'इन्डिफॅटिगेबल' घ्या. १७८४ साली पाण्यात उतरलं, ६४ तोफांचं. दहा वर्षं नुसतं नांगरून ठेवलेलं, कुजलेलं मात्र नव्हतं. अडचण वेगळीच होती: लढाईत रांग धरणाऱ्या मोठ्या जहाजांमध्ये ६४ तोफांचं जहाज तोकडं पडायला लागलं होतं.

मग १७९४-९५ मध्ये वरचं बांधकाम उतरवून त्याची ४४ तोफांची फ्रिगेट, म्हणजे लहान, वेगवान युद्धनौका केली. खालच्या डेकवरच्या २४ पौंडी (२४ पौंडांचा गोळा फेकणाऱ्या) तोफा तशाच राहिल्या. इतर ब्रिटिश फ्रिगेटींवर साधारण १८ पौंडी, म्हणजे छाटूनही हिचा गोळा भारीच.

जानेवारी १७९७ मध्ये फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्याजवळ कॅप्टन पेल्यूने हीच फ्रिगेट आणि सोबतीला दुसरी फ्रिगेट 'अ‍ॅमेझॉन' घेऊन ७४ तोफांच्या फ्रेंच 'द्रवा द लॉम'ला रात्रभर झुंजवलं. वादळात त्या फ्रेंच जहाजाला खालच्या डेकच्या तोफा नीट वापरताच येईनात. तोफांच्या खिडक्या उघडल्या की पाणी आत. पहाटे ते किनाऱ्यावर आदळलं. 'अ‍ॅमेझॉन'ही गेली. 'भादरलेली' तेवढी सुटली, आणि पुढे १८१६ पर्यंत टिकली.