व्हेरिफिकेशन झालंय, पण कधी?

जून उजाडला की शाळेच्या ऑफिसात बॉक्स फायली खाली निघतात, मी क्लार्क, त्यामुळे धूळ माझ्याच वाट्याला. त्यातल्या एका फाईलवर मार्करने लिहिलंय 'पोलीस व्हेरिफिकेशन'. आत व्हॅनवाल्या काकांचे, सिक्युरिटीवाल्यांचे, सफाईच्या मावशींचे, आठवड्यातून दोनदा डान्स शिकवायला येणाऱ्या सरांचे चारित्र्य पडताळणीचे दाखले, झेरॉक्सची झेरॉक्स काढून काढून वरचा अशोकस्तंभ म्हणजे नुसता काळा डाग झालेला. एक कागद 2018 चा आहे. माणूस अजून येतो, त्याची गाडी बदलली, घर बदललं, मोबाईल नंबर तर तीनदा बदलला, कागद तोच. तपासणीला कोणी आलं की फाईल पुढे सरकवायची, हे बघा सर, व्हेरिफिकेशन आहे. कधीचं आहे हे आजवर कोणी विचारलेलं नाही.

आता हे दाखल्याचं प्रकरण शाळेत शिरलं कसं ते बघू. सरकारी नोकरीत रुजू होताना साक्षांकन नमुना, म्हणजे स्वतःची माहिती लिहून द्यायचा फॉर्म, भरायचा, तो पोलिसांकडे जायचा आणि एकदा ओके होऊन आला की निवृत्तीपर्यंत विषय संपला, ही जुनी पद्धत. खाजगी संस्थांच्या शाळांत शिपाई-चौकीदार ठेवताना तर बहुतेक वेळा संस्थेतल्या कोणाच्या तरी ओळखीचा, गावाकडचा, हेच व्हेरिफिकेशन. माणूस तीस-पस्तीस वर्षं त्याच शाळेत घंटा वाजवायचा, त्याच्या घरातलं लग्न-मुंज सगळ्या स्टाफला माहीत असायचं, त्यामुळे कागद लागतोय असं कोणाला वाटायचंच नाही. ती पद्धत फार चांगली होती असं मी म्हणणार नाही, ओळखीच्या माणसानेच दगा दिला तर तोंड उघडायचं कोणी, हा प्रश्न तेव्हाही होताच.

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, 14 नोव्हेंबर 2012 ला, बालदिनाच्याच दिवशी, लागू झाला. त्यात गुन्हा, शिक्षा, तक्रार करणं बंधनकारक वगैरे होतं, पण नोकरीवर घेताना माणूस तपासा हा मुद्दा जोरात आला तो घटना घडल्या की मागून निघणाऱ्या सूचनांमधून. 2014 मध्ये बंगळुरूत एका शाळेतल्या सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला, शहर पेटलं, मग तिथल्या पोलिसांनी शाळांसाठी नियमावली काढली. 8 सप्टेंबर 2017 ला गुरुग्रामच्या एका मोठ्या शाळेत सात वर्षांच्या मुलाचा टॉयलेटमध्ये खून झाला, आणि चार दिवसांत सीबीएसईचं सर्क्युलर आलं, की ड्रायव्हर, कंडक्टर, शिपाई, सगळ्या स्टाफचं पोलीस व्हेरिफिकेशन करा आणि वर सायकोमेट्रिक टेस्टही करा. गंमत म्हणावी की काय कळत नाही, पोलिसांनी त्याच दिवशी बसच्या कंडक्टरला धरलं होतं, त्याने कबुली दिली असंही सांगून टाकलं होतं, आणि नोव्हेंबरमध्ये सीबीआयने ताब्यात घेतला तो त्याच शाळेतला अकरावीचा विद्यार्थी. कंडक्टरला पुढे कोर्टाने आरोपातून मुक्त केलं. म्हणजे ज्या घटनेमुळे देशभरातल्या कंडक्टर लोकांना दाखल्यासाठी चौकीत खेटे घालावे लागले, त्या घटनेत दाखल्याचा काही संबंधच नव्हता.

सप्टेंबर 2018 मध्ये केंद्राने लैंगिक गुन्हेगारांचा राष्ट्रीय डेटाबेस सुरू केला, तेव्हाच त्यात 4 लाख 40 हजारांवर नोंदी होत्या. पण तो फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना दिसतो, मुख्याध्यापकांना नाही. शाळेच्या हातात शेवटी कागदच.

मग आले 2020 चे पॉक्सो नियम, 9 मार्चला, लॉकडाऊनच्या तोंडावर, त्यामुळे कोणाचं लक्षच गेलं नाही. त्यात स्पष्ट लिहिलंय की शाळा, पाळणाघर, स्पोर्ट्स अकॅडमी, जिथे जिथे मुलांशी नियमित संबंध येतो तिथल्या प्रत्येक माणसाची, शिकवणारा असो नसो, कायम असो कंत्राटी असो, पोलीस पडताळणी ठरावीक काळाने करायची. एकदा नाही, ठरावीक काळाने. पण काळ ठरवायचा राहिलाच. दर वर्षी, तीन वर्षांनी, की पाच, काही नाही. माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ हेच आहे, कारण ऑफिसात ज्या गोष्टीला तारीख नाही ती गोष्ट कधीच होत नाही, हे कोणत्याही क्लार्कला विचारा.

आणि त्याच वर्षी डिसेंबरात आपल्याकडे काय झालं बघा. 11 डिसेंबर 2020 चा जीआर, अनुदानित शाळांमधली शिपाई, चौकीदार, सफाईगार ही पदं माणूस निवृत्त झाला की रद्द आणि त्याऐवजी शाळेला ठोक शिपाई भत्ता, मुंबई-पुण्यात महिन्याला 10 हजार, ग्रामीण भागात 5 हजार. पाच हजारात कायमचा माणूस कोण टिकणार? आज हा, दिवाळीनंतर दुसरा. म्हणजे मार्चमध्ये दिल्ली म्हणते सगळ्यांना पुन्हा पुन्हा तपासा आणि डिसेंबरमध्ये मुंबई अशी सोय करते की तपासायला तोच माणूस दोन वर्षं सलग सापडायचा नाही. मुद्दाम केलं असं नाही, पण दोन्ही कागद एका टेबलावर ठेवून वाचले कोणी असंही वाटत नाही.

बदलापूर त्यानंतरचं. ऑगस्ट 2024, बालवाडीतल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार, आणि आरोपी म्हणजे 1 ऑगस्टला कंत्राटावर लागलेला सफाई कर्मचारी, शाळेत येऊन पंधरवडाही झालेला नव्हता. 20 तारखेला लोक रुळांवर उतरले, दहा तास लोकल बंद. दुसऱ्याच दिवशी जीआर: महिन्याभरात सीसीटीव्ही, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती, ती खरं तर 2022 मध्येच व्हायला हवी होती), आणि नेमणुकीआधी चारित्र्य पडताळणी, कंत्राटी लोकांची सुद्धा. हायकोर्टाने स्वतःहून दखल घेतली, निवृत्त न्यायमूर्तींची कमिटी बसली, मे 2025 मध्ये आणखी सविस्तर जीआर आला. तेव्हा आमच्याकडेही आठवडाभर नुसती पळापळ, ऑनलाईन फॉर्म, फोटो, आधार, आणि मग पोलीस स्टेशनचा फोन कधी येतो याची वाट. निम्म्या लोकांचं आधार गावाकडच्या पत्त्याचं, राहणं इथे भाड्याने, मग कोणत्या हद्दीतून करायचं यावरच दोन दिवस गेले.

परदेशात यावर काय केलंय ते थोडक्यात. इंग्लंडमध्ये ऑगस्ट 2002 ला सोहम गावात दोन दहा वर्षांच्या मुलींचा खून झाला, खुनी जवळच्याच शाळेचा केअरटेकर. त्याची तपासणी झाली होती! पण त्याने आईचं माहेरचं आडनाव लावलं होतं, रेकॉर्ड फक्त त्याच नावाने तपासलं गेलं, आणि पूर्वी तो राहायचा तिकडच्या पोलिसांकडे त्याच्याविरुद्धच्या तक्रारींच्या नोंदी धड राहिलेल्याच नव्हत्या. 2004 मध्ये चौकशी अहवाल, 2006 मध्ये कायदा, 2012 मध्ये डीबीएस, म्हणजे अशी पडताळणी करून दाखला देणारी तिकडची सरकारी यंत्रणा. तिकडे शाळेत टीचिंग असिस्टंट असलेल्या आपल्या मराठी बायकांच्या तोंडी हा शब्द रेशन कार्डासारखा असतो. डीबीएसच्या कागदालाही एक्स्पायरी नाहीच, पण 2013 पासून अपडेट सर्व्हिस आहे, वर्षाला फी भरली की आज या शाळेत उद्या त्या शाळेत जाणाऱ्या बदली शिक्षकाचं स्टेटस शाळा ऑनलाईन बघू शकते. ऑस्ट्रेलियात न्यू साऊथ वेल्सने सरळ पाच वर्षं ठरवून टाकली, वर मधल्या काळात नवीन गुन्ह्याची नोंद झाली तर ती यंत्रणेला आपोआप कळते. थोडक्यात दाखला माणसाबरोबर फिरतो, आणि मागून कोणीतरी बघत असतं. आपल्याकडे दाखला बॉक्स फाईलीत पडून राहतो.

यंदा आमच्याकडे सफाईचं कंत्राट दुसऱ्या एजन्सीला गेलं. नवा सुपरवायझर आला, नवे निळे ॲप्रन आले, आणि त्या ॲप्रनमध्ये मागच्या चार वर्षांच्याच मावशी. जुना दाखला जुन्या कंत्राटदाराच्या नावाने काढलेला, म्हणून मी म्हटलं मावशी, परत करावं लागेल. त्या झाडू भिंतीला लावून म्हणाल्या, "अहो भाऊसाहेब, मी तीच आहे की, कंपनी बदललीय फक्त. फी कोण भरणार, तुम्ही का तो?" सुपरवायझरने मोबाईलमध्ये डोकं घातलं. मी फाईलीत त्यांच्या जुन्या झेरॉक्सवर पेन्सिलीने 'जून, नवीन मागितला' असं लिहून ठेवलंय.