खेकड्याची पिल्ले घेण्याआधी हे वाचा

दुकानात येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: खानापूरच्या शेततळ्यात ही पिल्ले जगतील का? नाही. आपल्याकडचे विहिरीचे आणि कॅनॉलचे पाणी गोडे, आणि आम्ही विकतो त्या चिखली खेकड्याला (मड क्रॅब) लागते खाडीचे मचूळ पाणी. तळ्यात मीठ ओतायचा विचार असेल तर तो सोडा. समुद्राच्या पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम नुसत्या मिठात नसते, आणि पाझर लागून शेजारचे उसाचे रान मात्र बिघडेल. ज्यांची किंवा ज्यांच्या पाहुण्यांची कारवार, अंकोला, वेंगुर्ला भागात खाडीलगत तळी आहेत, त्यांनीच पुढे वाचावे.

भाताच्या बांधातली खेकडीण तयार पिल्ले पोटाखाली घेऊन फिरते. चिखली खेकड्याचे तसे नाही. मादी समुद्राकडे जाते, आणि अंड्यातून निघालेला जीव तरंगत, बऱ्याचदा रूप पालटत तीन-चार आठवड्यांनी खेकडा दिसू लागतो. हे काम तळ्यावर जमणारे नाही, त्यासाठी हॅचरी, म्हणजे अंड्यांपासून पिल्ले तयार करणारे केंद्रच लागते. तमिळनाडूत राजीव गांधी सेंटर फॉर ॲक्वाकल्चरची अशी हॅचरी आहे.

हॅचरीतले पिल्लू जेमतेम ३-४ मिलिमीटरचे. ते थेट तळ्यात सोडले तर माशांचा घास. म्हणून तळ्यातच हापा, म्हणजे बारीक जाळीची पेटी, बांधून ४ ते ६ आठवडे, पाठ २-३ सेंटिमीटरची होईपर्यंत सांभाळायचे.

खरे नुकसान होते ते इथेच, आणि बहुतेक वेळा रोगाने नव्हे. पिल्लू दर थोड्या दिवसांनी कात टाकते, अंग मऊ पडते, आणि शेजारचे पिल्लू त्याला खाते. भरपूर खाऊ घातले तरी हे पूर्ण थांबत नाही. लपायला जागा द्या: जुन्या जाळ्यांचे झुबके, पाइपाचे तुकडे, फुटकी मंगलोरी कौले. हाप्यात गर्दी करू नका. चौरस मीटरला ५०-६० पिल्लांच्या वर आम्ही सुचवत नाही, कोणी कितीही सांगो. अंगाने पुढे गेलेली पिल्ले दहा-बारा दिवसांनी वेगळ्या हाप्यात काढा. कंटाळवाणे काम आहे, पण पैसा इथेच वाचतो.

खाद्य म्हणजे बारीक केलेली स्वस्त मासळी किंवा शिंपल्यांचे मांस. खेकडा रात्रीचा, म्हणून मोठा वाटा संध्याकाळी. उरलेले सकाळी काढा, नाहीतर पाणी नासते.

पाण्याची क्षारता १५ ते २५ पीपीटी (लिटरमागे तितके ग्रॅम क्षार) असावी. ती मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आमच्याकडे मिळतो, वापरायला शिकवतोही. जून ते सप्टेंबर पिल्ले मागू नका. कोकणातल्या पावसात पाणी एका रात्रीत गोडे होते, आणि त्या काळात आम्ही मागणी घेतही नाही.

पिल्लांच्या पिशव्या बेळगावात उतरत नाहीत, गाडी थेट घाट उतरते. तळ्यावर पिशवी बंद ठेवूनच आधी पाण्यात तरंगू द्या, मग थोडे थोडे तळ्याचे पाणी मिसळत तासभर घ्या. मोजणी तिथेच, तुमच्यासमोर. मेलेली पिल्ले बिलातून वजा होतात; दुसऱ्या दिवशीची तक्रार मात्र धरली जात नाही.