कोंबडी, तलवार आणि श्रद्धांजली

टेरी गुडकाइंड या अमेरिकन लेखकाच्या एका कादंबरीत एक कोंबडी आहे. दिसायला कोंबडी, आवाजही कोंबडीचाच. पण नायिकेला आतून कळून चुकतं की ही कोंबडी नव्हे, मूर्तिमंत पाप आहे. लेखकाने हा प्रसंग अगदी गंभीरपणे लिहिला होता. वाचक मात्र वर्षानुवर्षं त्यावर खिदळत राहिले. १७ सप्टेंबर २०२० रोजी, वयाच्या ७२व्या वर्षी गुडकाइंड वारले आणि इंटरनेटवर श्रद्धांजलीच्या शेजारीच ही कोंबडी पुन्हा फडफडू लागली.

खरा राग कोंबडीवर नव्हता. १९९४ साली सुरू झालेली त्यांची ‘सोर्ड ऑफ ट्रुथ’ ही फँटसी मालिका पुढेपुढे, स्वार्थ हाच सद्गुण मानणारी लेखिका आयन रँड हिच्या विचारांचं प्रवचन होत गेली, अशी अनेकांची तक्रार होती. (आयन रँड वाचून सहा महिने कुणाचंच ऐकेनासा झालेला एखादा मित्र तुम्हालाही आठवत असेल.) २००३ साली आलेल्या भागात नायक, युद्धाला विरोध करत वाट अडवून उभ्या राहिलेल्या निःशस्त्र माणसांना कापून काढतो आणि कथा त्याचीच पाठ थोपटते. कुणाला त्यात नैतिक ठामपणा दिसला, कुणाला निव्वळ क्रौर्य. वर आपण मुळात फँटसी लेखक नाहीच, असं गुडकाइंड सांगत. मग पहिल्याच पुस्तकातला ड्रॅगन काय वाट चुकून आला होता?

असा लेखक गेल्यावर, त्याच्यावर चिडलेल्यालाही चुटपुट का लागते? डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ साली रेडिओ-टीव्हीवरच्या माणसांशी प्रेक्षकांचं जे एकतर्फी नातं जुळतं, त्याला ‘पॅरासोशल’ हे नाव दिलं. पुस्तकातून जुळणारं नातंही त्याच जातीचं. चौदाव्या वर्षी ज्याच्या नायकाबरोबर आपण जंगलं तुडवली, तो लेखक पंचविशीत नकोसा होतो. पण हे भांडण त्याच्या गावीही नसतं. मिटवायला समोर कुणी नाही, म्हणून ते तसंच पडून राहतं आणि मृत्यूच्या बातमीबरोबर जुनी माया आणि जुना राग एकदमच वर येतात.

गेलेल्या माणसाबद्दल बरं बोलावं, हा केवळ शिष्टाचार नाही. मानसशास्त्रज्ञ स्कॉट अ‍ॅलिसन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं, की एखादा नेता हयात नाही असं सांगितलं, की लोक त्याला जास्त चांगलं ठरवतात. पण गंमत पुढे आहे. तोच नेता अनैतिक वागलेला असेल, तर मेल्यावर त्याच्याबद्दलचं मत उलट आणखी कडक होतं. जिवंत माणूस उद्या सुधारेल, माफी मागेल. मेलेल्याचा हिशेब आहे तिथेच गोठतो. आता एकाच लेखकाला निम्मे वाचक नीतिमान आणि निम्मे निर्दय मानत असतील, तर? माझा तर्क असा, की तो मृत्यू दोन्ही गटांना एकमेकांपासून आणखी लांब ढकलतो.

रावण पडल्यावर त्याचे अंत्यसंस्कार करायला विभीषण कचरतो, तेव्हा वाल्मीकींचा राम त्याला सांगतो, ‘मरणान्तानि वैराणि’. पण तिथे समोर प्रेत होतं, रडणाऱ्या बायका होत्या. प्रत्यक्ष अंत्ययात्रेत माणसं आपोआप वेगळी होतात: जवळचे तिरडीपाशी, टवाळखोर कोपऱ्यावरच्या टपरीवर. इंटरनेटवर टपरी आणि तिरडी एकाच अंगणात. अभ्यासक याला ‘संदर्भांची कोसळण’ म्हणतात. त्यात भर म्हणजे कोणता आवाज लांब जातो, हेही ठरलेलं. विल्यम ब्रेडी यांच्या गटाने २०१७ साली साडेपाच लाखांहून अधिक ट्वीट तपासले. विषय होते बंदुका, समलिंगी विवाह आणि हवामानबदल. नैतिक संतापासारख्या भावनेने भारलेल्या प्रत्येक जादा शब्दामागे ट्वीटचा प्रसार साधारण २० टक्क्यांनी वाढत होता. ‘पहिले दोन भाग आवडले होते, नंतर सोडून दिलं, वाईट वाटलं’ या वाक्यात असा शब्दच नाही. ते कोण पुढे पाठवणार?

राहता राहिली कोंबडी. काहींनी ती फक्त ऐकलेली असते, हे खरं. पण मूळ पान शोधायचं तर ते मालिकेच्या पाचव्या भागात आहे. तिथवर पोचायला आधीचे चार ठोकळे वाचावे लागतात.