२१४७४८३६४७ (मूळ संख्या)

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस ही दहा अंकी मूळ संख्या. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते. या घडणीच्या मूळ संख्यांना मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. लहानापासून मोजत गेल्यास ही आठवी. घातांक मूळ असला की काम भागले, असे मात्र नाही: २ च्या ११ व्या घातातून १ वजा केल्यावर २०४७ उरतात आणि ते २३ × ८९ आहेत.

संख्या मूळ आहे का, हे तपासायची सुरुवात बेळगाव सीमाभागातल्या मराठी शाळेत पिनकोडांवरूनही करता येते. बेळगावच्या ५९०००१ च्या अंकांची बेरीज १५, म्हणून ३ ने भाग जातो. निपाणीचा ५९१२३७ आणि चिकोडीचा ५९१२०१ यांना ९ नेही जातो. खानापूरचा ५९१३०२ तर सम. सगळे तोंडी निकालात निघतात. २१४७४८३६४७ या कसोट्यांना दाद देत नाही. तिचे वर्गमूळ ४६,३४० च्या किंचित पुढे आहे; तिथवरच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचे म्हटले, तर चार हजारांवर भागाकार करावे लागतात.

१७७२ मध्ये गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी हे काम कमालीचे कमी केले. या संख्येला भागणारी एखादी मूळ संख्या आहे असे धरा. तिने २ च्या ३१ व्या घाताला भागल्यास बाकी १ उरणार. फेर्माच्या प्रमेयानुसार २ चा घातांक भाजकापेक्षा १ ने कमी असला तरी बाकी १ च येते; ३१ मूळ असल्याने मग त्या भाजकातून १ वजा केल्यावर ३१ ने भाग गेलाच पाहिजे. भाजक विषम असल्याने ६२ नेही जातो. शिवाय २ च्या ३२ व्या घाताची बाकी २ येते, आणि ३२ वा घात हा १६ व्या घाताचा वर्ग आहे. एखाद्या वर्गाची बाकी २ येते ती भाजकाला ८ ने भागल्यावर १ किंवा ७ उरत असतील तरच. दोन्ही अटी जुळवल्या की भाजकाला २४८ ने भागल्यावर १ किंवा ६३ उरायला हवेत. वर्गमूळापर्यंत १ वगळून अशा संख्या ३७३. त्यातली ६३ उघडच मूळ नाही. राहिल्या ३७२. २४९ ला ३ ने भाग जातो, म्हणून पहिला खरा उमेदवार ३११: भागून पाहिले की बाकी ३५. पुढेही एकानेही भाग जात नाही. बाकी काढता येणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्याला ही सिद्धता फळ्यावर समजावता येते, आणि ती मराठीतून समजावली जायलाच हवी.

२१४७४८३६४७ ला २ च्या ३० व्या घाताने गुणले की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या मिळते: स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज तेवढीच. घातांक ३१ हाही ३२ − १, म्हणजे २ च्या ५ व्या घातातून १ वजा केलेला, स्वतः मेर्सेन मूळ. असा दुहेरी योग साधणाऱ्या चारच मूळ संख्या आजवर ज्ञात आहेत.

बेळगावजवळच्या मच्छे येथे मुख्यालय असलेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना ही संख्या संगणकात भेटते. ३२ बिटांतला (बिट म्हणजे ० किंवा १ ठेवणारी जागा) एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी गेला की उरलेल्या ३१ बिटांत मावणारी ही सर्वांत मोठी संख्या. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा जागेत साठवणाऱ्या प्रणालींची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी या संख्येवर पोहोचेल. पुढच्या सेकंदाला त्यांच्यात जागा नाही.